उंच हँडलची मोटारसायकल

“बोट जातंय ना?” असं विचारायचं आणि उत्तराची वाट न बघता बँडेजखाली स्वतःची करंगळी सारायची, ही आमच्या डॉक्टरांची सवय. करंगळी गेली की “झालं, सुटलास” म्हणायचे. नाही गेली तर सगळं सोडून पुन्हा बांधायला घ्यायचे, मग बाहेर बाकावर कितीही माणसं खोळंबलेली असोत. आवळून बांधलेल्या पट्टीने एका माणसाचा हात काळानिळा पडलेला त्यांनी शिकत असताना पाहिला होता. ती धास्ती त्यांच्या मनातून कधी गेली नाही. पुढे पुढे ही करंगळी कुठेही शिरू लागली. शर्टाच्या कॉलरमध्ये, कमरेच्या पट्ट्याखाली, दाराच्या फटीत. माझ्या लग्नात ती माझ्या फेट्याखाली गेली आणि ऐन मुहूर्ताला फेटा सुटला.

मी त्यांचा कंपाउंडर. स्वभावाने भित्रा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमची फसगत होणार नाही.

दवाखाना वसईत, पारनाक्याजवळ. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या मोटारसायकली लिलावात निघाल्या, त्यातली एक डॉक्टरांनी घेतली होती. मागे सीट नव्हती, नुसता लोखंडी कॅरिअर. त्यावर गोणपाटाची घडी टाकून मी बसायचो, मांडीवर औषधांची पेटी. सकाळचे पेशंट आटोपले की उमेळे, आचोळे, गोखिवरे अशी आमची फेरी निघायची. तिकडच्या वाड्यांवर आणि मिठागरांवर दुसरा डॉक्टर जात नसे. आम्ही गेलो नाही तर अडलेली बाळंतीण बैलगाडीत घालून वसईला आणावी लागे, आणि त्या गाडीत वाटेत काय होतं ते आम्ही दोघांनीही पाहिलं होतं. त्यामुळे अंगात ताप असला तरी डॉक्टर फेरी चुकवत नसत.

एका वर्षी त्यांचा डावा हात कुरकुरायला लागला. गाडीचं हँडल बुटकं आणि पुढे गेलेलं. ते धरायला डॉक्टरांना ओणवं व्हावं लागे, आणि थोडं अंतर गेलं की ते गाडी थांबवून खांदा चोळत बसत. मला म्हणायचे, “काही नाही रे, आखडलाय.” मी मागून बघत होतो. क्लच दाबायची वेळ आली की त्यांची मान ताठ व्हायची. एकदा आचोळ्याला समोर म्हैस आली आणि त्यांना क्लच वेळेवर दाबताच आला नाही. आम्ही कुंपणात शिरलो. म्हैस शांतपणे उभी होती. माझ्या पायातले काटे डॉक्टरांनी स्वतः काढले, पण उजव्याच हाताने.

त्या संध्याकाळी डॉक्टरांच्या पत्नीने मला मागच्या दारी गाठलं. “भाऊ, तुम्ही त्यांच्या पाठीमागे बसता. हात कसा आहे ते मला खरं सांगा.”

“खांदा धरलाय, वहिनी. हँडलचा दोष आहे.”

“आणि हँडल बदलून नाही भागलं तर?”

फेरी बंद, एवढंच त्याचं उत्तर होतं. ते त्यांनाही माहीत होतं. रात्री मला नीट झोप लागली नाही.

डॉक्टरांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून दुसरं हँडल पैदा केलं. चांगलं उंच आणि बसणाऱ्याकडे वळलेलं. ते बसवायला स्टेशनकडचा इनास मिस्त्री आला. दवाखान्याच्या अंगणात गाडी उभी केली आणि डॉक्टर मला म्हणाले, “बस तू वर.”

“मी कशाला? गाडी तुम्ही चालवणार.”

“मी बसलो तर मला दिसणार कसं? तू म्हणजे पेशंट. बस, आणि दुखलं की सांग.”

मी बसलो. मिस्त्रीने हँडल पुरतं डावीकडे फिरवलं आणि माझा अंगठा क्लचचा दांडा आणि पेट्रोलची टाकी यांच्यामध्ये सापडला. मी कळवळलो. डॉक्टर जवळ आले, चष्मा वर करून विचारलं, “नेमकं कुठे? इथे की इथे?” जणू मी गळू दाखवायला आलो होतो. मग हँडल थोडं उचललं, दांडा खाली वाकवला, पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. दर वेळी डॉक्टरांची करंगळी टाकी आणि दांडा यांच्यामधून जाऊन यायची. शेवटी दोन्ही बाजूंनी ती मोकळी फिरली. “कोपर सैल सोड,” ते मला म्हणाले. “खांदा वर चढतोय का? नाही ना?” माझ्या कोपराची एवढी काळजी कशाला, हे मला तेव्हा कळलं नाही. मी आपला पेशंटसारखा “नाही, नाही” म्हणत राहिलो.

हँडल उंच झालं तशा तारा वर ताणल्या गेल्या. एक क्लचची, एक ब्रेकची, एक इंजिनची रेस वाढवणारी. मिस्त्रीने त्या सुतळीने बांधायला घेतल्या. डॉक्टरांना ते गबाळं काम बघवेना. ते आतून चिकटपट्टीचं रीळ घेऊन आले आणि मोडलेला हात बांधावा तशा त्यांनी त्या तारा हँडलला बांधल्या. एकावर एक सारखे वेढे, कुठे सुरकुती नाही. वेढ्याखाली करंगळी घालून पाहिली. मिस्त्रीने बाजूला होऊन कौतुकाने बघितलं. “डाक्टर, आपल्याला असं नाय जमायचं.” मलाही ते झकास वाटलं. हँडल सरळ होतं, गाडी स्टँडवर होती, आणि आम्ही तिघेही खूश होतो.

दुसऱ्या दिवशी उमेळ्याच्या पुढे मिठागराच्या बांधावरून निघालो. मिठाच्या एका आगरावर तापाचा पेशंट होता. बांध अरुंद, दोन्हीकडे खारं पाणी. डॉक्टर ताठ बसले होते, खांदा चोळायला थांबले नव्हते, आणि मला पहिल्यांदाच जरा हायसं वाटत होतं. बांध संपतो तिथे काटकोनात डावीकडे वळायचं होतं. डॉक्टरांनी रेस कमी केली, हँडल पुरतं वळवलं, आणि इंजिन आपलं आपण ओरडायला लागलं. डॉक्टरांचा हात काही करत नव्हता, तरी गाडी उसळून पुढे गेली. “डॉक्टर, डॉक्टर” एवढंच मी म्हणू शकलो. पुढच्या क्षणी आम्ही मिठागरात बसलेले होतो, आणि पेटी मी डोक्यावर धरलेली होती. कशी धरली, देव जाणे.

मिठागरातला एक म्हातारा धावत आला. “डाक्टर, डोले धुवा पयले. खारा पानी हाय.” मग आमच्याकडे नीट बघून म्हणाला, “पोरगा तापान फणफणतंय, तुमी तं भिजून आलाव.” डॉक्टरांनी डोळे धुतले, तसेच चिखलाच्या कपड्यांनी पोराला तपासलं, इंजेक्शन दिलं. त्यानंतर ते बाहेर येऊन गाडीपाशी उभे राहिले.

काय झालं ते कळायला वेळ लागला नाही. तारा इतक्या नेटक्या बांधल्या होत्या की वळताना त्यांना ढिलाई उरली नव्हती. हँडल डावीकडे गेलं की रेसची तार आपोआप ओढली जायची. डॉक्टरांनी पेटीतली कात्री काढली आणि आपलंच बँडेज सरसर कापलं. “मोडलेला हात हलू नये म्हणून बांधतात,” ते पुटपुटले. “हे हलायलाच हवं होतं.” मी हसण्याचा प्रयत्न केला, पण माझे दात वाजत होते.

पुढचे काही दिवस फेरी बंद होती. मिस्त्रीने लांब तारा आणल्या, त्या टाकीखालून सैल वळण देऊन नेल्या. डॉक्टर मात्र गाडीवर बसेनात. मलाच बसवायचे, किल्ल्याजवळच्या मोकळ्या मैदानात न्यायचे आणि म्हणायचे, “वळव. आता डावीकडे. रेस वाढते का ऐक. आता दुसऱ्या बाजूला.” मी घामाघूम होऊन गोल गोल फिरायचो आणि ते मध्ये उभे राहून कान देऊन ऐकायचे. मला वाटलं, मिठागरानंतर त्यांनी धसका घेतलाय. तुम्हालाही तसंच वाटलं असतं. मग त्यांनी मला लायसन काढायला लावलं. “गाडी तपासायची म्हणजे कागद हवा,” म्हणाले. एवढं सगळं झालं, तरी मला काही कळलं नाही.

मग एका सकाळी गोखिवऱ्याहून माणूस धावत आला. बायको अडली होती. मी पेटी घेऊन बाहेर आलो तर डॉक्टरांनी ती माझ्या हातातून घेतली, कॅरिअरवरची गोणपाटाची घडी सारखी केली आणि मागे जाऊन बसले.

“चल.”

“डॉक्टर, मी?”

“तुझ्याच मापाचं आहे ते. माझ्या हाताला आता कुठलंच हँडल पुरणार नाही.”

मी बसलो. हात पुढे केले तर मुठी अगदी हाताशी आल्या, कोपर सैल, खांदा खाली. मला आधी राग आला. आपल्याला न विचारता, न सांगता या माणसाने आपल्याला इथे आणून बसवलं, याचा राग. मग आरशात त्यांचा डावा हात दिसला. तो कोटाच्या खिशात घालून ठेवला होता, लहान मुलाला बसवावं तसा. मला रडू आलं आणि मी किक मारली. गोखिवऱ्याला आम्ही वेळेत पोचलो. मुलगी झाली. डॉक्टर सांगत होते आणि माझे हात ते करत होते.

त्यानंतर कितीतरी दिवस ते माझ्या मागे बसले. वारा आणि इंजिनच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून वळण आलं की ते उजव्या हाताने माझा खांदा हलकेच दाबायचे. रस्ता मला पाठ होता, तरी दाबायचे. मला आधी त्याचा वैताग यायचा. नंतर नंतर मीच त्या दाबाशिवाय वळेनासा झालो.

आजाराने ते गेले, आणि दवाखान्यात नवे तरुण डॉक्टर आले. भला माणूस. पहिल्याच दिवशी फेरीला निघायला तयार झाले आणि पेटी मांडीवर घेऊन मागे बसले. उमेळ्याचा बांध संपत आला तशी मी रेस कमी केली, आणखी कमी केली, आणि वाट बघत राहिलो. डावीकडचं वळण अगदी समोर आलं. गाडी बंद पडली.

“काय झालं?” नव्या डॉक्टरांनी विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो, आणि पुन्हा किक मारली.