वासराच्या पोटातलं

हे मी आजवर कोणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, माहेरी आईपाशी नाही, देवापुढेही नाही. तिथं हात जोडले की मी मुलांचं भलंच मागत आले. तुमची-माझी ओळख नाही, बहुधा म्हणूनच आज तोंड उघडतंय.

गोष्ट चीजची आहे. हसू येईल तुम्हाला. येऊ द्या.

आमचं घर भंडाऱ्याकडच्या कोंढा गावातलं. शेती धानाची, आणि गोठ्यात गाई. गाई म्हणजे सासूबाईंचा जीव. एखादी कालवड आजारी पडली की त्या गोठ्यातच खाट टाकायच्या. मटण-मासोळी त्यांनी तरुणपणीच सोडलेली. स्वयंपाक माझ्याकडे, आणि तो मी चांगला करायचे, हे मी नाही, सारं गाव म्हणायचं. बेसनाच्या पाटोडीचा रस्सा खावा तर मोठ्या सुनेच्या हातचा — किती वर्षं ऐकलं असेल, पण दरवेळी नव्यानं गोड लागायचं. त्याच्यावर जगत होते की काय मी? होते. आज कळतं.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि प्रणाली आली. नागपूरची. लग्नाआधी एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला होती, तिथं कोल्बी नावाचं चीज करायला शिकलेली. मूळ अमेरिकेतलं, गाईच्या दुधाचं, चवीला अगदी मवाळ. घरात दूध भरपूर होतं, म्हणून सासऱ्यांनी तिला करू दिलं. ती दूध कोमट करायची, त्यात विरजण आणि शेंद्रीच्या बियांचा पिवळा रंग घालायची, मग कसल्याशा औषधाचे थेंब टाकून ते घट्ट बसवायची. सुरीनं त्याच्या वड्या पाडायच्या, सुटलेलं पाणी काढून थंड पाणी घालायचं. त्यानं आंबटपणा निघून जातो म्हणे. मग मीठ लावून, फडक्यात बांधून, वर माझा मसाला वाटायचा पाटा ठेवायचा. नंतर काही आठवडे जुन्या फ्रिजमध्ये.

आणि मग ते चीज घरात सगळीकडे शिरलं. गरम भाकरीवर, आलूच्या पराठ्यात, धिरड्यावर, पोरांच्या डब्यात पोळीच्या गुंडाळीत. दात पडलेल्या सासऱ्यांना ते वरणभातावर किसून लागायचं. सासूबाईसुद्धा रोज एक तुकडा तोंडात धरून ठेवायच्या — पेढ्यावानी विरघळते म्हणायच्या. मी बघत राहायचे. मीही खाल्लं. चांगलं होतं — हेच तर दुखणं होतं.

एका रविवारी मी पाटोडी केली. सकाळपासून चुलीपाशी होते. नवऱ्यानं पहिला घास घेतला आणि म्हणाला, प्रणालीचं ते पिवळं असेल तर वरून थोडं किस. माझ्या रश्श्यावर. मी किसून दिलं. त्या दिवसापासून तिचं हसणंही मला टोचायला लागलं.

तिनं माझं काय केलं होतं? काहीच नाही. उलट तिचं सारं बोलणं माझ्यापाशी. ते थेंब कसले, हेसुद्धा तिनं मला एकटीलाच सांगितलं होतं. काही ठिकाणी ते वासराच्या पोटातून काढतात, सासूबाईंना ते चालायचं नाही, म्हणून ती मुद्दाम बुरशीपासून केलेलं, पूर्ण शाकाहारी असलेलं मागवत होती. मी मान डोलावली होती. नीट समजलं होतं मला. हे लक्षात ठेवा.

पुढं भंडाऱ्याचा एक बेकरीवाला चव घेऊन गेला आणि दर आठवड्याला चीज हवं म्हणाला. सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायला लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई आणि मी अंगणात लाखोळीची डाळ निवडत बसलो होतो. मी विचारलं, "आई, ते चीज कायनं जमते, मालूम आहे का तुमाले?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"वासराच्या पोटातल्या रसानं," मी म्हणाले.

जीभ घसरली म्हणू? नाही — सकाळपासून ते वाक्य मी तोंडात घोळवत होते.

त्यांचा हात सुपातच थांबला. मग सूप लवंडून त्या उठल्या, गोठ्यात गेल्या आणि लहान वासराच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. तिथंच त्यांना उलटी झाली. "मी रोज खाल्लं व बाई," एवढंच त्या म्हणत होत्या.

प्रणाली धावत आली. काय झालं ते कळल्यावर तिचा चेहरा आधी मोकळा झाला — तिच्यापाशी उत्तर होतं ना. तिनं समजावलं, शपथ घेतली, आणि मग माझ्याकडे वळली. "ताई, मी तुमाले सांगतलं होतं. तुमीच सांगा ना आईले."

सगळे माझ्याकडे बघत होते. कितीतरी दिवसांनी.

"मले काय मालूम," मी म्हणाले. "मले नाही सांगतलं इनं."

ती माझ्याकडे पाहत राहिली, आणि मी खाली बसून सांडलेली लाखोळी वेचायला लागले.

फ्रिजमधलं सगळं चीज तिनं स्वतःच्या हातानं खताच्या खड्ड्यात पुरलं. बेकरीवाल्याला दिरानं नाही म्हणून कळवलं. सासूबाई तिच्या हातचं पाणीसुद्धा घेईनात. दिवाळीनंतर ती दोघं भंडाऱ्याला वेगळी राहायला गेली. तिला मुलगा झाला, तर बारशालाही आई गेल्या नाहीत. प्रणालीनं मला एकदाही विचारलं नाही, काहून केलं म्हणून. सणावाराला आली की वाकून पाया पडते. ताईच म्हणते.

आणि मला स्वयंपाकघर परत मिळालं. आनंद झाला का? झाला. खोटं कशाला बोलू — कितीतरी दिवस टिकला.

मागच्या उन्हाळ्यात सासूबाईंनी अंथरूण धरलं. मी पाय चेपत होते. त्यांनी विचारलं, "त्या वासराचं पाप लागन का व मले?"

खोलीत आम्ही दोघीच होतो. माझं एक वाक्य पुरलं असतं. आई, ते वासराचं नव्हतंच. पण मग पुढचं वाक्य आपोआप आलं असतं — मला तेव्हाच ठाऊक होतं. मी म्हणाले, "नाही लागत, आई. तुमाले कुठं ठाऊक होतं." आणि पाय चेपत राहिले.

चार दिवसांनी त्या गेल्या. वासराच्या पोटातलं खाल्लं होतं, असंच समजून गेल्या.