कोपरापर्यंत धुतलेले हात

पंच्याऐंशीच्या सुमाराला माझी दोन वर्षांची मुलगी जुलाबांनी पार सुकून गेलेली. तिला कल्याणच्या एका दवाखान्यात ठेवलेलं. मुलांच्या त्या वॉर्डातल्या आयाबाईंना सगळे मावशी म्हणायचे. नाव मी कधी विचारलं नाही. त्या दुपटी बदलायच्या, मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजायच्या आणि प्रत्येक खाटेनंतर नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुवायच्या. साबणाने बोटं फुटलेली. पण मुलांना कधी कुरवाळत नसत. शेजारच्या खाटेवरचा आंबिवलीचा पोरगा त्यांना बघून हात पसरायचा आणि त्या दोन पावलं मागे सरायच्या. मला राग यायचा. एकदा बोललोच.

"अहो, दिवसभर दहा पोरांची घाण काढते मी," त्या म्हणाल्या. "धुतले तरी मला माझ्या हातांचा भरवसा नाही. लाड करायला त्याची आई आहे."

तिसऱ्या दिवशी सकाळी तो पोरगा गेला. आईला बायकांनी बाहेर नेलं. मावशी खाटेपाशी आल्या, त्याच्या गालावरून सावकाश हात फिरवत राहिल्या.

"आता चालेल," एवढंच म्हणाल्या.

मग नळावर जाऊन त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले. पुढची खाट माझ्या मुलीची होती.