कूलरपुढची कमळं

कुठलीही वस्तू समोर आली की भाऊ ती आधी अंगठा आणि बोटामध्ये धरून चोळून बघत. पेपर असो, पालक असो, लग्नाची पत्रिका असो. गांधीबागेच्या बाजारात जन्मभर कापड विकलेल्या माणसांची ही खोड तुम्हीही पाहिली असेल.

धंतोलीत ते आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत. त्यांच्या गॅलरीत काकूंनी लावलेली सक्युलंट होती. जाड, निळसर पानं एकाभोवती एक अशी रचलेली, म्हणून भाऊ त्यांना सरळ ‘कमळं’ म्हणत. आम्ही तिथे राहायला येण्याआधीच काकू वारल्या आणि कुंड्या भाऊंच्या अंगावर पडल्या.

या पानांवर पिठासारखा पांढरा थर असतो. बोट लागलं की निघतो, पुन्हा येत नाही. पहिल्याच भेटीत भाऊंनी मला पानापानावरचे अंगठ्याचे ठसे दाखवले. “माल बढिया आहे गा, पण रंग कच्चा निघाला!”

मग मे महिना आला. नागपूरचा मे तुम्हाला काय सांगायचा! भाऊंनी सगळ्या कुंड्या आत नेऊन कूलरपुढे मांडल्या. मी म्हटलं, “भाऊ, आत कशाला?”

“काहून? मले कूलर पाहिजे, तं त्यायले नको?”

त्या ओलसर हवेत कमळं बुडापासून सडली. भाऊंचं जेवणावरचं मनच उडालं. “हिनं जीव लावला होता गा. मी मारले.” मला त्यांच्याकडे बघवेना.

गळालेली चांगली पानं मात्र त्यांना फेकवली नाहीत. पेपरवर पसरून ठेवली. काही आठवड्यांनी त्यातल्या काहींना केसाएवढी गुलाबी मुळं फुटली, आणि मुळांशी हरभऱ्याएवढं कमळ! भाऊ भिंग घेऊन तिथेच बसू लागले. भेटेल त्याला एकच प्रश्न. दूधवालासुद्धा सुटला नाही.

“मले सांग, हे हिनं लावलेलंच झाड आहे, का मी लावलेलं नवं?”

“पानातून आलं म्हणजे तेच झाड, भाऊ.”

“पण मातीत तं मी लावून राहिलो ना?”

तुम्हीच बघा विचार करून.

यंदा लेक त्यांना पुण्याला घेऊन गेली. निघताना भाऊंनी एक कुंडी माझ्या हातात दिली. म्हणाले, “सांभाळ गा. हिनं लावलेलं आहे.”

ते कमळ आता बशीएवढं झालंय. घरी येणारे विचारतात, कोणी लावलं? मी सांगतो, समोरच्या काकूंनी. त्या काकूंना मी कधी पाहिलंसुद्धा नाही.