कागदावरची निळी घोडी

आमच्या घरी पाहुण्याला चहाच्या आधी पत्रक मिळायचं. बाबा सभेची पत्रकं छापून आणत, मी त्यांच्या घड्या घालायचे आणि घालता घालता वाचायचे. सरकारी माणूस न वाचता शिक्का मारतो, हे मला त्यातूनच कळलं. त्या ज्ञानाच्या जोरावर चेन्नईत मी घरभाड्याचा करार केला, पत्ता बदलला, गॅस घेतला. ते कधी खोटं ठरलं नाही. मग एक घोडी आली.

घोडी माझ्या अड्यारच्या घरमालकिणीच्या थोरल्या भावाची. मी त्यांना मामा म्हणते. तंजावरकडचं मराठी घराणं, निवृत्त कारकून. कोवलमच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवून थकलेली ही घोडी त्यांनी तिथल्या घोडेवाल्याकडून विकत घेतली होती. आता गुडघ्यांनी मामांची साथ सोडली होती. सोमवारी ऑपरेशन होतं. होसूरच्या पलीकडे, कर्नाटकात, त्यांच्या भाचीचं शेत होतं आणि ती घोडीला ठेवून घ्यायला तयार होती. तसं झालं नाही, तर घोडीला सांभाळू शकणारा एकच माणूस उरत होता, तो घोडेवाला.

राज्याची हद्द ओलांडायला घोडीला तीन कागद लागतात: डॉक्टरचा दाखला, रक्ताचा रिपोर्ट आणि ओळखपत्रक. रिपोर्टची मुदत शुक्रवारपर्यंत होती.

“फॉर्म मी भरते,” मी म्हणाले. इंग्रजी फॉर्मवर घोड्याची दोन कोरी चित्रं होती, एक डाव्या अंगाचं, एक उजव्या. अंगावरचे केसांचे भोवरे फुलीने दाखवायचे. मामा घोडीवरून हात फिरवत सांगत गेले, मी फुल्या मारत गेले. मग रंगाचा रकाना आला.

“निळी,” मामा म्हणाले.

मी मान वर केली. समोर राखेच्या रंगाची घोडी पेंढा चघळत होती. “मामा, ही करडी आहे.”

“करडी शेळी असते, अम्मा. घोडीस निळी म्हणावें. खंडोबाचा घोडा कोणता? निळाच कीं.” मामा सगळ्या मुलींना अम्मा म्हणतात.

आमच्या घरी निळा म्हणजे झेंड्याचा. पण इथे प्रश्न तत्त्वाचा होता. लोकांचा शब्द एका बाजूला, सरकारचा रकाना दुसऱ्या. कोणत्या बाजूला उभं राहायचं, हे मला शिकवायची गरज नव्हती. मी ठळक अक्षरांत लिहिलं, ‘ब्लू’.

जनावरांच्या दवाखान्यात कारकुनाने तमिळ हेलात विचारलं, “ब्लूवा?” मी त्याला मातृभाषेच्या हक्कांवर पाच मिनिटं ऐकवलं. मागे दोन शेळ्या आणि एक चावरा कुत्रा रांगेत होता. त्याने शिक्का मारला. मला लढा जिंकल्यासारखं वाटलं.

शुक्रवारी पहाटे भाचीने पाठवलेल्या ट्रकातून मामा आणि मी घोडीला घेऊन निघालो आणि दुपारी हद्दीवरच्या नाक्याला लागलो. तिथे मला आयुष्यात पहिल्यांदा वाचणारा अधिकारी भेटला. त्याने तिन्ही कागद वाचले, उलटे करून मागेही काही आहे का ते पाहिलं, मग ट्रकला एक फेरी मारली.

“मॅडम, निळी घोडी कुठे आहे?”

“हीच ती.”

“ही ग्रे आहे.”

“मराठीत निळी म्हणतात.”

“फॉर्म मराठीत आहे का?”

नव्हता.

“मग इंग्रजीत जी निळी असेल, ती आणा.”

मागच्या टेम्पोवाल्याने ओरडून विचारलं, “सार, पेंट करून आणू?” अख्खी रांग हसली.

मी पुन्हा मातृभाषेपासून सुरुवात केली. त्याने सगळं लक्ष देऊन ऐकून घेतलं, हे जास्त वाईट होतं. “बरोबर आहे,” तो म्हणाला. “पण रक्त निळ्या घोडीचं तपासलंय. या घोडीचं तपासलेलंच नाही. रंग चुकला असं ज्याने फॉर्म भरला त्याने लिहून द्यावं. मग मी भोवरे जुळवून बघतो.”

“चुकला नाही! हा भाषांतराचा...”

“चुकला, असं लिहा.”

ट्रकच्या फाळक्याला टेकून गुडघा चोळत उभे असलेले मामा म्हणाले, “अम्मा, ती पहाटेपासून उभी आहे. माझ्या शब्दाची काळजी करूं नको. तो माझ्या तोंडीं राहील.”

मी दीड पान लिहिलं. त्याने तेही वाचलं आणि परत दिलं. “एक ओळ पुरे.” मग मी लिहिलं, ‘मला घोड्यांचे रंग कळत नाहीत,’ आणि खाली सही केली. एवढं खरं आणि एवढं छोटं मी आधी कधी लिहिलं नव्हतं.

तो ट्रकात चढला. तो मानेवरचा भोवरा चाचपत असताना घोडी त्याच्या गणवेशावर फुरफुरली. त्याने बाही पुसली आणि शिक्का मारला.

भाची पलीकडे वाट पाहत उभी होती. आम्हाला इथूनच बसने परतायचं होतं. मामा ट्रकबरोबर लंगडत अडसरापर्यंत गेले आणि थांबले.

“जा की पलीकडे,” अधिकारी म्हणाला. “माणसाला कागद लागत नाही.” या वाक्यावर मला बरंच बोलता आलं असतं.

“नको,” मामा म्हणाले. “मी दिसलों तर ती ओढ घेईल.”

आणि ट्रक वळून दिसेनासा होईपर्यंत ते नाक्याच्या खांबाआड अंग चोरून उभे राहिले.