देवळासमोरचा वजनकाटा

चौथीत शाळा सोडली, पण ट्रक मी जन्मभर चालवला. म्हणून त्या दिवशी शेठ चारचौघांत म्हणाला, "आज आकडे जुळले नाहीत तर उद्यापासून घरी बस," तेव्हा अंगाची आग झाली.

बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्यात नवीन काटा बसवला होता. डांबरातच पट्ट्या पुरलेल्या. गाडी न थांबता वरून गेली की वजन कळतं. तो खरं बोलतो का ते बघायला काटा बसवणाऱ्यांनी शेठचा खडी भरलेला ट्रक भाड्याने घेतला. आधी कुंभवलीच्या साध्या काट्यावर वजन केलं, मग एकाच वेगाने पट्ट्यांवरून फेऱ्या. पण दर फेरीला पुढच्या चाकांवर भार जास्त दाखवायचा. कधी थोडा, कधी बराच.

शेठने दुसरा ड्रायव्हर बोलावूनच ठेवलेला. तो कठड्याला टेकून हसत होता. "चाचा, उतर जाओ. आपकी उमर आराम की है."

"तुझ्या बापाला सांग आराम करायला," मी म्हणालो.

शेवटी काटा बसवणारी इंजिनीयर मॅडम माझ्या शेजारी केबिनमध्ये चढली. "काका, वेग एकसारखा ठेवा."

"ठेवलाच हाय. काटा वेडा हाय तुमचा."

पट्ट्यांच्या जरा अलीकडे देवीचं देऊळ आहे. तिथे पोचलो आणि ती ओरडली, "आत्ता! पाय उचललात!"

"नाय उचलला."

"आणि हा हात?"

हात माझ्या कपाळाला होता. आमच्याकडे कुठलाच ड्रायव्हर देवळावरून तसाच पुढे जात नाही. हात वर जातो आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय आपोआप सुटतो. गाडीचा वेग पडला की भार पुढे सरकतो, असं मॅडमचं म्हणणं.

"मग पट्ट्या दुसरीकडे पुरायच्या. देऊळ आधीपासून हाय. अन् इथून जाणारे सगळेच पाय उचलणार, त्याचं काय?"

"उचलू देत. आधी काटा खऱ्या वजनाला लावू, मग त्यांच्यामुळे किती फरक पडतो ते कळेल. पण त्यासाठी तुमचा पाय हलता कामा नये."

खालून शेठने हाक मारली, "आता शेवटची फेरी! नंतर हा चालवेल."

गाडी वळवली. देऊळ जवळ आलं. या देवीला हात न करता मी कधी गेलो नव्हतो. स्टेअरिंग असं आवळलं की बोटं दुखली. पाय दाबून ठेवला. तोंडाने मात्र मोठ्याने देवीचं नाव घेतलं.

"चालेल ना?" मी विचारलं.

"नावाने वेग पडत नाही," ती म्हणाली.

पट्ट्या गेल्या. काट्यापाशी बसलेल्या माणसाने मॅडमला फोनवर आकडा सांगितला. जुळला होता.

"एकाने भागत नाही काका. लागोपाठ तसेच यायला हवेत."

ऊन उतरेपर्यंत दर फेरीला देवीचं नाव घेऊन घसा बसला, पण आकडा हलला नाही. शेठने त्या दुसऱ्याला वाळूच्या गाडीवर पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेळेवर येऊन त्याच्याकडे चावी मागितली.