आठव्या खान्यात आठ

सन दोन हजार सोळा. मी अडुसष्ट वर्षांचा. त्या साली दुष्काळ होता आणि पोरगा जाऊन चार महिने झाले होते. शहराच्या कडेला, रुळांपलीकडं, सातारा परिसर म्हणतात त्या वस्तीत नवी घरं धडाधड उठत होती. त्यातल्याच एका घरात आम्ही दोघं, मी नि सून. नळ नव्हता, टँकर यायचा.

पोरगा वाळूजला कंपनीत होता. त्याला खेळण्यातल्या रेल्वेचा नाद. फळीवर रूळ, एक इंजिन, आठ डबे. इंजिनाच्या पोटात नखाएवढी चिप. चिपमध्ये नंबरवार खाने. तिसऱ्यात आकडा भरला की गाडी हळूहळू वेग घेते, चौथ्यात भरला की हळूहळू थांबते, हे मला मागाहून कळलं. मी चौथी नापास, पण उभा जन्म रेल्वेच्या यार्डात डबे जोडले. त्याला म्हणायचो, "लेका, तुझी गाडी बकरीवानी थांबती. मालगाडी आधी दम टाकती, मग थांबती."

"मग बसा ना आबा शेजारी. तुम्ही सांगा, मी आकडे भरतो."

"मला नाय वेळ खेळायला."

वेळच वेळ होता. पेन्शनीत माणसाला काय काम?

त्यानं एकट्यानंच आकडे बसवले. तो गेल्यावर सून रोज दिवेलागणीला गाडी एक फेरा फिरवायची. वेगाचं बटण शून्यावर नेलं तरी गाडी रेंगाळत पुढं जायची आणि फलाटाशी अलगद टेकायची. थेट मालगाडी. माझं बोलणं त्यानं ऐकलं होतं. मी बघून न बघितल्यासारखं करायचो.

एका दुपारी सून बाहेर गेलेली. मला वाटलं, भरली गाडी अजून जरा लांबून थांबायला पायजे. पोराचं एवढं तरी काम पुरं करावं. यार्डात आमचं सगळं डब्यांवर चालायचं. जितके डबे जास्त, तितक्या लांबून थांबायचा बावटा दाखवायचा. इथं डबे आठ, म्हणून पोराला करताना लांबून बघितलं होतं तसा आठवा खाना काढला आणि त्यात आठ भरला. पुस्तक इंग्रजीत होतं. सुनेला विचारणं जिवावर आलं.

गाडी हलेचना. सून आली, तिला काय भरलं ते सांगितलं. तिनं पुस्तक चाळलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"आबा, आठव्यात आठ भरलं की सगळं पुसतं. गाडी कोऱ्या इंजिनासारखी होती."

"मग पुन्हा भर की."

"काय भरू? ह्यांनी कुठं लिहून ठेवलंय?"

पुस्तकात बघून तिनं गाडी सुरू केली. बटण शून्यावर आणलं. गाडी टपकन थांबली.

"विचारायचं तरी होतं, आबा. ह्यांचं तेवढंच हालतं-चालतं राह्यलं होतं."

"त्यात काय एवढं! असले आकडे मी शंभरदा भरीन," मी म्हणालो. तोंडातून गेलं ते गेलं. ती उठून आत गेली. जेवली नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकरचा हॉर्न वाजला. पाणी रोज तीच भरायची, आज तिचं दार बंद होतं. मी दोन हंडे घेतले आणि बायांच्या रांगेत जाऊन उभा राह्यलो.

"आज आबा? सून माहेरी पळाली का काय?" एकीनं टोमणा मारला.

"नाय. घरातच हाय," म्हणालो आणि हंडा पुढं सरकवला.