दोन घंट्या

घंटी झाल्याशिवाय आमच्या ह्यांनी कधी गाडी हलवली नाही. सरकारी लाल गाडीवर ड्रायव्हर होते, विटा डेपोला. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. रिटायर झाले तरी सवय सुटली नाही. दिराच्या जीपमध्ये बसले तरी स्टिअरिंगला हात लावून पाया पडायचे आणि गप बसून राहायचे. मी बांगडीनं काचेवर दोनदा वाजवलं की मग गिअर पडायचा. "कंडक्टरच्या पुढं ड्रायव्हरनं शहाणपणा करू नये," म्हणायचे.

तसं बघितलं तर त्यांच्या गाडीत मी फारशी बसलेच नाही. त्यांची मुक्कामाची ड्यूटी. ते कुठल्या तरी गावात गाडीतच झोपायचे, मी घरी पोरं घेऊन. मधलं पोर तापानं गेलं तेव्हासुद्धा गाडीवरच होते. निरोप वाटेत मिळाला, पण गाडी भरलेली. शेवटच्या गावाला माणसं उतरवली आणि मग आले.  आल्यावर म्हणाले, "माणसं वाटेत सोडता येत नाहीत गं." परत तो विषय कधी निघाला नाही.

थोरला महेश परदेशात, हार्लेमला असतो. त्यानं आम्हाला तीन महिने बोलावून घेतलं. तो आणि सून सकाळीच कामाला जायचे. नातीला मराठी कळतं, पण उत्तर डचमध्ये. मग आम्ही दोघं खिडकीत. खालून सायकली जायच्या. हे म्हणायचे, "कुणी हॉर्नच वाजवत नाही. हे गाव आहे का दवाखाना?" हसायचे, पण हात मांडीवर गोल फिरत असायचे, स्टिअरिंग धरल्यासारखे.

एक दिवस जेवताना म्हणाले, "महेश, गाडी दे. हिला फिरवून आणतो."

छातीच्या गोळ्या चालू होत्या, म्हणून महेश म्हणाला, "अण्णा, मी नेतो ना रविवारी."

"तू नेशील रे. मला न्यायचंय. जन्मभर लोकांची माणसं पोचवली."

शेवटी महेशनं लायसनचं सगळं बघितलं. रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायचा सराव करून घेतला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "आई, ते स्वतःहून थांबायचे नाहीत. तू बघ."

इथं स्टिअरिंग डावीकडं. मी त्यांच्या उजवीकडं बसले, सत्यनारायणाला बसतात तशी. वाजवलं दोनदा. निघालो.

आधी समुद्राकडच्या वाळूच्या टेकड्यांचं रान बघितलं. तिथं मोकळी घोडी चरत होती. निघताना आमची धुसफूस झाली. मी बांधून आणलेल्या दशम्या हे घरीच विसरले होते. मी तोंड फिरवून बसले, वाजवलं नाही. हे गाडी चालू करून तसेच बसले. मागं गाडी लावायच्या जागेसाठी एक म्हातारा थांबलेला. त्यानं येऊन काचेवर टकटक केलं. ह्यांनी काच खाली केली आणि त्याला सांगितलं, "कंडक्टर अँग्री." तो माझ्याकडं बघून मान हलवत गेला. मला हसू आलं, मग वाजवलं.

पुढं सगळा सपाट मुलूख. परातीसारखा. हिरवं गवत, पाण्याचे पाट, मेंढरं, आणि वर आभाळच आभाळ. कडेला डोंगर नाही असं आभाळ मी आमच्याकडं कधी बघितलं नव्हतं. "घाट नाही तो रस्ता कसला," हे म्हणाले, "हात रिकामेच राहतात." पण खुशीत होते. समुद्राकाठच्या झीलंडला महेशनं खोली घेऊन ठेवलेली, तिथं मुक्काम झाला. म्हणाले, "बघ, मुक्कामाच्या गाडीला पहिल्यांदा तू सोबत आहेस."

दुसऱ्या दिवशी परतीला समुद्राच्या बांधावरून निघालो. दोन्हीकडं पाणी. हे बोलायचे थांबले. बघितलं तर कपाळावर घाम, आणि गार हवेत शर्ट पाठीला चिकटलेला. "अहो, थांबा," म्हटलं. "पोचू गं," म्हणाले. "आता वाटेत काय थांबायचं." परत म्हटलं. ऐकलं नाही.

मग मी बांगडीनं काचेवर वाजवलं. एकदाच.

त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बांध संपल्यावर जागा आली तिथं गाडी बाजूला घेतली, ब्रेक ओढला, किल्ली काढून माझ्या हातात दिली. "घे. गाडी जमा," ड्यूटी संपल्यावर डेपोत म्हणायचे तसं म्हणाले. आणि डोकं मागं टेकलं.

मी महेशला फोन केला. तो कामावरून निघाला, तोवर आम्ही बसून होतो. त्यानं फोन करून बोलावलेली दवाखान्याची गाडी त्याच्या आधी आली. न्यायच्या आधी मला म्हणाले, "पुढं रस्ता चांगला होता गं." त्यांना वाईट वाटलं होतं, मला कळलं. पण मी ती घंटी परत घेतली नसती.

आठवड्याभरात गेले. दवाखान्यातच.

इकडं माणूस नेतात ते काळ्या लांब गाडीतून. आमची माणसं किती, घरातलीच आणि महेशचे दोन-चार मित्र.  फुलं ठेवून झाली, दार लावलं. ड्रायव्हर आत बसला, पण गाडी हलेना. महेश हळूच म्हणाला, "आई, आपण सांगितल्यावर निघतील ते."

बांगड्या अजून हातात होत्या. मी पुढं गेले आणि मागच्या काचेवर दोनदा वाजवलं.

गाडी निघाली.